खुर्चीला शिवलेली चोळी

मला शिवणातलं एकच येत होतं, चोळी. म्हणून खुर्चीलाही मी चोळीच शिवली.

मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आम्ही पूर्णगडात राहायचो. आमचे हे एका शेठच्या मचव्यावर होते. तो मचवा खडकावर आपटून फुटला नि हे घरी बसले. तो पावसाळा आम्ही नाचणीच्या आंबिलीवर काढला. शेठ नवा मचवा बांधत होते. त्याच्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, कोणाला नेमतात, ह्यावर आमची चूल पेटायची का नाय ते ठरणार होतं. नारळी पुनवेच्या आधी मी स्वतः येऊन सांगतो, असा शेठचा निरोप आला.

आता शेठला बसवायचं कशावर? घरात एक खुर्ची होती, सासऱ्यांनी कुठल्याशा सायबाच्या लिलावात घेतलेली. तिचा वेत फाटलेला, हात वाळवीनं खाल्लेले. ह्यांनी रत्नागिरीला एका वकिलाकडे खुर्चीला कापडी झगा बघितला होता. म्हणाले, तसंच कायतरी शिव. कापड कुठनं आणू? सासूबाईंचं जुनं डाळिंबी लुगडं होतं, गावात सगळे लांबून ओळखायचे ते. तेच फाडलं. फाटक्या वेतावर काथ्या कोंबला, दोन्ही हातांना बाह्या शिवल्या, पाठीला अगदी मापात ताणून टाके घातले. काठ वाया कशाला घालवा, म्हणून तो वरच्या गोल लाकडावरनं घेतला, डोईवर पदर घेतात तसा. (ते नंतर कळलं. तेव्हा मला फक्त शोभा दिसत होती.)

सासूबाईंनी बघितलं नि म्हणाल्या, "गो, ही तर मीच बसलीय. नि माझ्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी दिसते."

मला वाटलं, कौतुक करतायत.

दुसऱ्या दिवशी शेजारीण विस्तव मागायला आली. जाताना पडवीतल्या खुर्चीला "येते हं काकी" सांगून गेली. तेव्हा तरी मला समजायला हवं होतं.

शेठ यायच्या दिवशी हे त्यांना आणायला बंदरावर गेले. शेठ आले बैलगाडीनं, रस्त्यानं. सासूबाई मागल्या विहिरीवर धुणं धूत होत्या. घरात मी एकटी, आतल्या दाराआड. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात बाहेरच्या उन्हातनं पडवीतल्या काळोखात आलेले. त्यांनी टोपी काढली, खुर्चीला हात जोडले नि आपण खाली घोंगडीवर बसले.

परक्या मोठ्या माणसाशी सुनेनं बोलायचं नाय, अशी तेव्हाची रीत. मी दाराला धरून उभी.

"काकी, तुमच्या तोंडाला भिऊनच इतके दिवस आलो नाय," शेठ म्हणाले. "आता आलोय तर ऐकून घ्या. मचवा पुतण्याच्या हाती द्यायचा ठरवलाय."

खुर्ची गप्प.

"त्याला दर्यातलं काय कळत नाय, ठाऊक हाय मला. पण भावाचा मुलगा पडला."

खुर्ची गप्प.

"चार शिव्या घाला हवं तर, पण अशा बघू नका." (बघायला तिला डोळे कुठले? पण शेठना दिसले.)

मग त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. गोविंदाला, म्हणजे ह्यांना, पुतण्याच्या हाताखाली ठेवतो म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. घरच्या भाताची एक गोण धाडतो म्हणाले. त्यालाही ती हललीसुद्धा नाय. शेवटी शेठचा आवाजच बसला.

"मचवा फुटला तेव्हा माणसं बाहेर काढलीन ती गोविंदानंच. मी काय विसरलो काय? बरं, तांडेल गोविंदाच. झालं तुमच्या मनासारखं?"

नेमक्या त्याच वेळी सासूबाई मागल्या दारानं आत आल्या. पडवीत पुरुषाचा आवाज ऐकून त्यांनी "कोण आलाय गो" म्हणायला तोंड उघडलं, नि मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. जन्मात एकदाच सासूच्या तोंडावर हात ठेवला. त्या चावल्या. मी हात काढला नाय. शेठनी खुर्चीला पुन्हा हात जोडले नि गेले.

मी सगळं सांगितलं तशा सासूबाई खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लग्न होऊन आले तेव्हापासनं ह्या माणसाशी भांडतेय मी," त्या म्हणाल्या. "एक शब्द कधी ऐकला नाय त्यानं."

ह्यांना शेठ वाटेतच भेटले होते. धावत आले नि विचारतात, "आये, तू काय सांगितलंस त्यांना?"

"काय नाय बोलले," सासूबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. मग माझ्याकडे वळून, खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्याकडनं शीक जरा. गप्प बसून काय काय होतं ते बघ."

मला पटलं. दुसऱ्या दिवशी उठल्यापासनं मी तोंड उघडलं नाय. जेवणाच्या वेळेपर्यंत टिकले. मग सासूबाई म्हणाल्या, उजव्या बाहीचे टाके वाकडे पडलेत.