पत्त्याची बाजू

आमच्या पोस्टात दोन तऱ्हेची माणसं होती. उघडं कार्ड हातात आलं की वाचणारी आणि न वाचणारी. पहिल्या गटात सगळं ऑफिस, आणि सगळ्यांच्या पुढे मी. दुसऱ्या गटात एकटे पालथेराव.

मी शिक्क्यावर बसायचे. तिकिटावर शिक्का मारायला हात वर जायचा, तेवढ्यात डोळे चार ओळी उरकून यायचे. कुणाला नोकरी लागली, कुणाची सून रुसून गेली, कुणाला मूळव्याधीचं औषध लागू पडलं, सगळं मला घरच्यांच्या आधी ठाऊक. यात मला कधी लाज वाटली नाही. झाकायचंच असेल तर पाकीट घ्यावं की! पाकिटं आम्हीच विकतो.

पालथेराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. सकाळी टपाल खणांत लावताना ते प्रत्येक कार्ड पालथं करायचे. मजकूर खाली, पत्ता वर. चित्राचं कार्ड असलं तरी तेच. एकदा निळ्याशार समुद्राचं कार्ड आलं होतं. मी म्हटलं, "अहो, बघा तरी, डोळे निवतील."

"समुद्र ज्याला धाडलाय तो बघेल," म्हणाले, आणि समुद्र पालथा करून खणात सारला.

असला माणूस. अंगाने सडपातळ, कान मोठे आणि बाहेर आलेले, चाल एका लयीची. गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि क्रमाने दुसऱ्या टोकाला संपवायची. मधलं घर आधी नाही की शेवटचं मध्ये नाही. वाटेत कुणी हात पुढे करून म्हणालं, "आलोच आहे तर माझं द्या ना इथंच," तरी द्यायचे नाहीत. दारातच मिळेल. लोक वैतागायचे, पण त्यांच्या फेरीतलं एक पत्र कधी चुकीच्या घरी पडलं नाही.

लहानपणी त्यांची मुलगी शाळा सुटली की ऑफिसात यायची आणि रिकाम्या थैल्यांच्या ढिगावर बसायची. बटणासारखी गोल, म्हणून ते तिला गुंडी म्हणायचे. कान मात्र बापाचे. टपाल लावता लावता दोघांची प्रश्नोत्तरं चालायची, ती मला अजून पाठ आहेत.

"पत्ता सापडला तर?"

"उलटायचं नाही!"

"नाही सापडला तर?"

"पाठवणाऱ्याचं नाव बघायचं!"

"तेही नसलं तर?"

"मग उलटायचं!" हे तिचं आवडतं. ओरडून म्हणायची आणि स्वतःच थैलीवर उताणी पडायची.

नियम तोच होता, आजही आहे. बंद पाकिटाचा पत्ता लागला नाही तर ते वरच्या ऑफिसात जातं, तिकडे उघडतात. उघडं कार्ड असेल तर पोस्टमनने स्वतः वाचून ठावठिकाणा शोधायचा. एरवी नाही.

या नियमाने त्यांचा संसार मोडला. बाईचं लफडं, दारू, मारझोड, असलं काहीच नाही. वादळाने फोनच्या तारा तुटल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या बायकोच्या माहेराहून भावाने कार्ड टाकलं. बाबा अत्यवस्थ आहेत, तुझं नाव घेतात, मिळेल त्या गाडीने ये. कार्ड सकाळी आमच्याकडे आलं. मी तापाने घरी पडले होते, नाहीतर बोंब ठोकली असती. पालथेरावांनी पत्ता बघितला. स्वतःचं घर, स्वतःची बायको. कार्ड पालथं केलं आणि क्रमाने लावलं. त्यांचं घर फेरीतलं शेवटचं. ते कार्ड दिवसभर त्यांच्या खांद्यावर गल्ल्या हिंडलं आणि दुपार कलल्यावर त्यांनी ते बायकोच्या हातात दिलं. गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा बाप गेला होता.

"सकाळपासून तुमच्या पिशवीत होतं," एवढंच ती म्हणाली म्हणतात. मग मुलीला घेऊन निघाली ती कायमचीच.

लोकांनी त्यांना दगड म्हटलं. मीही म्हटलं, तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तिच्या नावाचं होतं. माझ्या नावाचं नव्हतं." मला इतका संताप आला की शिक्का टेबलावरच आपटला. पण त्या दिवसापासून त्यांचा डबा आठवडाभर बंदच्या बंद घरी जायचा, तेही मी बघितलं. दगडाला भूक लागत नाही असं नाही, पण घास उतरत नाही.

मुलीला भेटायला ते कधी गेले नाहीत. "बोलावलं नाही," म्हणायचे. बोलावल्याशिवाय कसं जायचं? तुला कुणाचं बोलावणं हवंय मेल्या, पोर तुझी आहे, असं मी मनात शंभरदा म्हटलं आणि मोठ्याने दहादा. पालथ्या घड्यावर पाणी. या म्हणीसाठीच देवाने त्यांना जन्माला घातलं असावं. पुढे त्यांचं राहतं घर पाडलं गेलं. तेवीस नंबर. तिथे आता गाड्या धुवायचं दुकान आहे. ते बेकरीच्या वरच्या खोलीत राहायला गेले. बायको शहराच्या पलीकडच्या टोकाला कुठेतरी, एवढंच कळत होतं.

अशी वर्षं गेली. माझे केस पांढरे झाले, त्यांचे गेले.

मग एका दुपारी माझ्या खिडकीसमोर एक मुलगी उभी राहिली. हातात कार्डांचा गठ्ठा.

"काकू, ही पाकिटाशिवाय जातील ना?"

मी वरचं कार्ड घेतलं. एका बाजूला ती आणि एक हसरा मुलगा, गालाला गाल लावून. खाली छापलेलं, "आमचं ठरलं! तारीख राखून ठेवा." मग तारीख, गुरुवार, हॉलचं नाव आणि रस्ता. हे नवीन खूळ मला माहीत होतं. आमंत्रणाच्या आधीचं आमंत्रण. जेवायला बोलवायच्या आधी सांगायचं की उपाशी राहा.

"जातील," मी म्हटलं. "पण घासली जातील. शाई फासली गेली तर नवरदेवाला मिशा फुटतील. पाकिटं घे."

"नको. उघडीच जाऊ देत."

"अगं, सगळे वाचतील!"

"वाचू देत की," ती म्हणाली आणि हसली. केस कानामागे सारले. आणि मग मला ते कान दिसले.

मी खिडकीतून जवळजवळ बाहेर आले. "गुंडी?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच सांगितलं. आईने वचन घेतलं होतं. त्यांना आमंत्रण धाडायचं नाही, निरोप द्यायचा नाही, कुणाकरवी कळवायचं नाही. ती कबूल झाली होती. ही कार्डं मावशीला, इकडे राहायला आलेल्या मामाला, जुन्या शेजाऱ्यांना. सगळे आमच्याच भागातले. पत्ते आईसमोर बसून लिहिलेले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळी उघडी कार्डं बापाच्या हातून जाणार! वचनाला धक्का नाही आणि बापाला तारीख कळणार. पोरगी हुशार. पण लगेच तो पालथा समुद्र आठवला.

"अगं वेडे, ते वाचत नाहीत."

"अजून?"

"अजून! तस्सेच. तसूभर बदल नाही. पालथं करतील आणि वाटून येतील. तुझं तोंडसुद्धा दिसायचं नाही त्यांना."

"बरं झालं," ती म्हणाली.

बरं झालं? मी बघतच राहिले. ती पैसे देऊन निघालीसुद्धा. "काकू, कुणाकरवी कळवायचं नाही हं. तुम्ही पण नाही," हे जाता जाता.

मी प्रत्येक कार्डावर हाताने शिक्का मारला, जपून, तिकिटाच्या कोपऱ्यातच. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा पालथेरावांच्या टेबलावर गेला. मी काम सोडून उभी राहिले. एकेक कार्ड उचललं गेलं, पालथं झालं, खणात गेलं. लेकीचं हसरं तोंड प्रत्येक वेळी खाली. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

"पालथेराव, आज चित्रं छान आलीत," मी म्हटलं.

"असतील."

"एखादं बघा. माझ्या हट्टासाठी."

"बाई, दुसऱ्याचं आहे."

मी वचन दिलं नव्हतं, पण ती मागून गेली होती. जीभ चावून गप्प बसले. आयुष्यभर जे वाचलं ते बोलून टाकणारी मी, मला ते दिवस कसे गेले माझं मलाच ठाऊक. कार्डं वाटली गेली. मामाने फ्रिजवर लावलं, मावशीने शेजारणींना दाखवलं, अख्ख्या गल्लीला तारीख पाठ झाली. एकट्या पोस्टमनला सोडून. गल्लीतलेही त्याच्यासमोर गप्प, कारण त्यांना वाटलं, त्यानेच आणून दिलंय, म्हणजे त्याला कळलंच असणार. आणि कळूनही तोंडाची सुरकुती हलत नाही, म्हणून पुन्हा दगड ठरला तो.

पुढच्या आठवड्यात रस्त्यावरच्या पेटीतून निघालेल्या टपालात तसंच एक कार्ड आलं. तोच फोटो. मी शिक्का मारायला उलटं केलं आणि हात वरच्या वर राहिला. पत्ता लिहिला होता, "गुंडी, घर नंबर तेवीस." आणि आमच्या भागाचं नाव. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

तेव्हा मला ते "बरं झालं" कळलं. खाण तशी माती!

मी शिक्का मारून कार्ड त्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि आपल्या जागेवर येऊन बसले.  खणांजवळची कार्डांची फटफट चालू होती, ती थांबली.  मग ते कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. पत्ता वर.

"बाई, तेवीस नंबर पाडलाय."

"हो."

"आणि ही व्यक्ती तिथे राहत नाही. नवा पत्ता माझ्याकडे नाही."

"बरं."

"पाठवणाऱ्याचं नाव नाही." त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही वाचा. तुम्हाला सवय आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्या कार्डावरून नजर काढली. "मी नाही वाचत," म्हटलं. "फेरी तुमची. तुम्हीच उलटा."

त्यांनी उलटलं.

ते किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही, मी शाईच्या गादीकडे बघत होते. मग त्यांनी आधी आपल्या कानाला हात लावला, मग फोटोतल्या. ओळी त्यांनी सावकाश वाचल्या, ओठ हलवत.

"जाणार ना?" मला राहवलं नाही.

"मला बोलावलेलं नाही, बाई. कार्ड गुंडीच्या नावाचं आहे."

मी कपाळावर हात मारला. आता मात्र याला शिक्क्याने बडवायचा, असं ठरवलंच होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण तिचा पत्ता मिळाला. गुरुवार, या हॉलवर. ज्याचं त्याच्या हातात द्यायला हवं."

परगावी गेलेल्यांचं टपाल ठेवायचा एक खण आमच्याकडे होता. त्यात त्यांनी ते कार्ड उभं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "कार्डावरच लिहिलंय, राखून ठेवा."

रोज सकाळी आले की आधी त्या खणात डोकावायचे. कार्ड सरळ होतं. फोटो समोर.

त्या गुरुवारी मी रजा घेतली, कारण त्यांनीच विचारलं होतं, "बाई, सोबत याल? तो भाग माझ्या फेरीतला नाही, चुकेन." जन्मभर पत्ते शोधणारा माणूस! पोस्ट उघडल्या उघडल्या त्यांनी सगळं टपाल लावलं, पिशवी गच्च भरली, खांद्याला अडकवली आणि रोजच्या गल्लीकडे पाठ करून बस पकडली.

हॉलमध्ये अजून खुर्च्या मांडत होते. दारातच त्यांची बायको उभी होती. पिकलेले केस, चष्मा. तिने त्यांना ओळखलं आणि दाराची चौकट धरली.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"कुणी नाही. टपाल आहे. गुंडीचं."

त्यांनी खिशातून कार्ड काढून पत्त्याची बाजू दाखवली. तिने ती वाचली. लेकीचं अक्षर तिने ओळखलं असणार. तेवीस नंबरवर तिची नजर अडली. मग ती त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघायला लागली. पट्टा तट्ट ताणला होता.

"ही तर भरलेलीच आहे," ती म्हणाली.

"आधी इथे आलो," पालथेराव म्हणाले. "बाकीचं सगळं अजून वाटायचंय."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग दारातून बाजूला झाली.

"आतल्या खोलीत आहे ती," म्हणाली. "पिशवी ठेवा इथे. मी बघते."

त्या दिवशी आमच्या भागात टपाल दिवेलागणीला पोचलं. दुसऱ्या दिवशी खूप तक्रारी आल्या. त्या मीच घेतल्या, आणि एकीलाही उत्तर दिलं नाही.