वैशाखासाठी घडवलेली गाडी

तुमच्या गावात उद्या पहाटे कुणी छाती धरून खाली बसलं, तर त्याला दवाखान्यात कोणती गाडी नेईल, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या आंजीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या दादाची गाडी. सरकारी गाडी वर्ध्याला होती, आणि तिला बोलवायचं तर आधी आपल्यालाच वर्ध्याला जावं लागे. दादाची जुनी मोटार आंजी ते वर्धा सवाऱ्या वाहायची. तिच्या मागच्या काचेवर बाबांनी पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'आजाऱ्याला आधी जागा'. आजारी माणूस आला की बसलेल्या सवाऱ्या मुकाट्यानं उतरत. बाबांनी आयुष्यभर मोर्चे काढले, पत्रकं लिहिली, सायकलवरून गावोगाव वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. पण त्यांचं सगळ्यात चांगलं पत्रक ते काचेवरचं. तीन शब्दांचं, आणि लोक ते पाळत होते.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वैशाखात दुपारी त्या गाडीचं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायच्या आधीच उकळायचं आणि गाडी रस्त्यात बंद पडायची. मग निंबाच्या सावलीत थांबून पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर ओलं गोणपाट टाकायचं आणि वाट बघायची. एकदा हगवणीचा एक रोगी असाच निंबाखाली तळमळत पडून राहिला. तो वाचला, पण त्या दिवसापासून दादानं बोनेटमध्ये डोकं घातलं.

त्या इंजिनाला एकाच बाजूनं दोन मॅनिफोल्ड, म्हणजे जाड लोखंडी नळ्या, होते. एकातून पेट्रोल आणि हवा आत जायची, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर पडायचा. मधोमध दोन्ही एकमेकांना जोडलेले, त्यामुळे धुराची आच आत जाणाऱ्या पेट्रोलला लागायची. दादाला वाटलं, खरा चोर हाच. त्यानं दोघांना करवतीनं वेगळं केलं, तोंडं बुजवली, मध्ये पत्रा बसवला. आतल्या वाटेतला खडबडीतपणा कानशीनं घासून काढला. काम चाललं असताना गावातले ड्रायव्हर भोवती उभे राहून टोमणे मारत.

"काऊन गा, आता उडणारं इमान करतं का हिचं?"

"यंदा उन्हात बंद पडली तर माही मिशी काढून घेजो," दादा म्हणाला.

"त्याले मिशी तरी कुठं आहे?" बाबा ओट्यावरून बोलले. दादासकट सगळे हसले.

ती गाडी त्या उन्हाळ्यात एकदाही थांबली नाही. चढावर पूर्वी कण्हायची, आता सवाऱ्यांनी भरलेली असूनही झपाट्यानं निघायची. पार सेलूहून ड्रायव्हर आले आणि आपापल्या गाड्यांना तसंच करून घेऊन गेले. बाबा भेटेल त्याला सांगत, "पोरानं उन्हाले हरवलं." एवढ्या अभिमानानं ते आपल्या मोर्च्यांबद्दलही बोलले नव्हते.

आम्ही वर्ध्याची माणसं. आम्हाला भय उन्हाचं. घर बांधू ते उन्हाच्या बेतानं, कामाला निघू ते ऊन बघून. थंडी म्हणजे आमच्याकडची पाहुणी, चार दिवस येते, शेकोटीशी बसते, जाते. तिला धरून कोण काय बेत करणार?

पौषात एका पहाटे बाबा ओट्यावर बसले ते उठले नाहीत. घामानं सदरा भिजला होता, त्या गारठ्यात.

दादानं गाडी काढली. मी मागे बसून बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. चोक ओढून इंजिन सुरू झालं, पण गाडी पुढे घ्यायला दादानं पाय दाबला की खोकायचं आणि बंद व्हायचं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. थंडगार नळीत पेट्रोलची वाफच होत नव्हती. उन्हाळ्यात जी आच चोर ठरली होती, ती त्या पहाटे हवी होती, आणि तिची वाट दादानं स्वतः बुजवली होती. त्याला ते तिथल्या तिथे कळलं. मला त्याच्या मानेवरून कळलं.

शेकोटीवरची माणसं धावत आली, गाडी ढकलू लागली. आईनं चुलीवरचं आंघोळीचं पाणी आणलं. दादानं उन्हाळ्यातलं तेच गोणपाट कढत पाण्यात बुडवून मॅनिफोल्डला गुंडाळलं. गाडी निघाली. गावाबाहेर तुरीच्या शेतांपाशी गोणपाट निवलं आणि ती पुन्हा आचके देऊ लागली.

"गरम होऊ दे तिले," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "घाई नोको करू."

दादानं पायाचा दाब हलका केला.

"काचेवरचा रंग उडून राह्यला, माय," ते मला म्हणाले. "अक्षरं पुन्हा काढजो."

वर्ध्याचं रेल्वे फाटक दिसायच्या आधी त्यांचा हात माझ्या हातात जड झाला. मी दादाला सांगितलं नाही. गाडी तेव्हा कुठे नीट धावू लागली होती.

दवाखान्यात दादा डॉक्टरांना एकच विचारत राहिला, लवकर आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे उत्तर तो अजून घेऊन फिरतो. पुढच्याच आठवड्यात त्यानं दोन्ही मॅनिफोल्ड पुन्हा जोडले, मध्ये पत्र्याची झडप बसवली, उन्हाळ्यात बंद आणि दिवाळीनंतर उघडी. मग सेलूपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरकडे गेला. काहींनी झडप बसवून घेतली. काही म्हणाले, "अरे, थंडी कितीक दिवस राह्यते?" त्यानं कुणाशी वाद घातला नाही. आमच्या घरात वाद घालणारा माणूस गेला होता.

लोक नशीब म्हणाले. मी तो शब्द मानत नाही. हजारो माणसांच्या गावाचा जीव एका पोराच्या करवतीवर टांगून ठेवला होता, आणि ज्यांनी सरकारी गाडी वर्ध्यातच ठेवून तो तसा टांगला त्यांना पौषात झोप लागत होती, त्यांच्यासाठी दुसरा शब्द आहे. पण तो लिहिला तरी माझी मांडी रिकामीच राहते. काचेवरची अक्षरं मी पुन्हा काढली. 'आधी' थोडं वाकडं आलंय. ते मी तसंच ठेवलं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. आजाऱ्याला नेणारी जी गाडी तुमच्या गावात असेल, सरकारी असो की खासगी, तिच्याकडे उद्या पहाटे जा. इंजिन थंड असतानाच ती सुरू करायला लावा आणि शिवेपर्यंत नेऊन आणा. चालली नाही तर परत येऊन झोपू नका. चार माणसं गोळा करा आणि ती चालेपर्यंत तिथून हलू नका.