नायलॉनची दोरी आणि उजवी तर्जनी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने शाळेत सांगितलेली गोष्ट मला ऐकवली : आजोबांनी दोरी बांधली म्हणून आजी नागाच्या विषातून वाचली. आजोबा होते तोवर मी ती खोडली नाही. आता ते नाहीत आणि गोष्ट मात्र तुमच्या वर्गापर्यंत पोचली आहे, म्हणून लिहिते.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आपलं तळमजल्याचं घर होतं. घरामागे कुंडी सरकवताना माझ्या उजव्या तर्जनीला नाग चावला. आजोबांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मनगटावर करकचून आवळली. हात काळानिळा पडू लागला.

"अहो, सोडा ती. हाताला रक्तच पोचत नाहीये."

"गप्प बस गं. विष वर चढेल."

सासूबाई म्हणाल्या, "सगळं तुलाच कळतं का?"

एवढं तरी कळत होतं. मी विक्रोळीला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. मिठाच्या पाण्यात रक्तपेशी तरंगत असल्या की नळीतला द्रव गढूळ लाल दिसतो. त्यात विषातली चिमुकली प्रथिनं घातली की तो लालच राहतो, पण इतका नितळ होतो की पलीकडची अक्षरं वाचता येतात. पेशीचं आवरण म्हणजे चरबीचे दोन पातळ थर. ही प्रथिनं त्याला चिकटतात, आपलं तेलकट टोक आत खुपसतात. भोक पडतं, पाणी शिरतं, पेशी फुटते. नागाच्या विषात श्वास थांबवणारा भाग वेगळा, हा वेगळा. हा जिथे कोंडाल तिथलं मांस मारतो.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"मी," आजोबा ताठ मानेने म्हणाले.

"अख्खा हात घालवला असतात."

हे वाक्य आजोबांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. मी वाचले ती विषावरच्या इंजेक्शनांनी. तर्जनी सडली, कापावी लागली. द्रव मोजून घ्यायच्या काचेच्या पिपेटचं वरचं तोंड त्याच बोटाने दाबून धरायचं असतं, त्यामुळे नोकरीही गेली. आजोबा प्रत्येक लग्नात माझा हात वर धरून पाहुण्यांना दाखवत. सासूबाई दर नागपंचमीला पाटावर नाग काढून म्हणत, "क्षमा माग त्याची." नागाशी माझं भांडण नव्हतंच.

दोरी नसती तर बोट वाचलं असतंच, असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही. दोरीला दोष द्यायला तेवढी खात्रीही मला मिळाली नाही.

तर्जनीचं तळाचं एक पेर शिल्लक आहे. त्याला थंड-गरम कळतं.