कुलपातल्या खुर्च्या

माझ्या नणंदेला घरात सगळे कलेक्टर म्हणतात. लहानपणी पाहुणे आले की कोणी कुठे बसायचं हे तीच ठरवायची. विद्यापीठातून रुग्णालय व्यवस्थापन शिकून ती सरकारी दवाखान्यात सहायक प्रशासक म्हणून लागली, तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आता पेशंटांचं काही खरं नाही!"

मी देवाला हात जोडून एवढंच मागितलं, की पोरीला धीर दे आणि तिची जीभ जरा आवर.

पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांत एक गोष्ट सलली. फाटकापासून हाडांच्या डॉक्टरांपर्यंत लांबलचक व्हरांडा. लोक म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन जात होते. एक बाई तर सासऱ्यांना स्टुलावर बसवायची, उठवायची, स्टूल पुढे सरकवायची, पुन्हा बसवायची. आणि चाकांच्या नव्याकोऱ्या खुर्च्या स्टोअरमध्ये कुलपात, वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच.

"या बाहेर का नाहीत?" तिने स्टोअरकीपरना विचारलं.

"हरवतात, मॅडम."

"आजवर किती हरवल्या?"

"एकही नाही. बाहेर काढल्या तर हरवतील ना!" ते छाती फुगवून म्हणाले.

ती तडक अधीक्षकांकडे गेली. ते म्हणाले, "काढा बाहेर. पण एक जरी गेली तर जबाबदारी तुमची. तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात, हे विसरू नका."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, नोकरी पक्की होऊ दे, मग काढ हव्या तेवढ्या."

"तोवर त्या बाईने स्टूलच सरकवायचं का, वहिनी?"

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सोमवारी खुर्च्या फाटकाशी लागल्या. सकाळभर एकीलाही उसंत नव्हती. संध्याकाळी मात्र तिथे एकही खुर्ची दिसेना. तिचा मला फोन आला, "वहिनी, ये गं जरा. खुर्च्या शोधायच्यात." दवाखाना घरामागेच, मी तशीच पदर खोचून निघाले. स्टोअरकीपर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभेच होते. "मी आधीच सांगितलं होतं," एवढंच ते घोकत होते.

वॉर्ड पाहिले, एक्स-रेची खोली पाहिली, कँटीन पाहिलं. मनात नामस्मरण चालू. कलेक्टर फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "ज्याला चालता येत नाही तो खुर्चीत बसून आत येतो. मग तो घरी जाताना चालत कसा जाईल?"

आम्ही रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेलो. सगळ्या खुर्च्या झाडाखाली ओळीने लावलेल्या! शेवटच्या खुर्चीत एक आजोबा ऐसपैस बसले होते.

"आजोबा, ही खुर्ची दवाखान्याची आहे," स्टोअरकीपर म्हणाले.

"मग मी काय घरी नेतोय होय? बस आली की उठेन."

बस आली, आजोबांना हात देऊन चढवलं. मग आम्ही तिघं रस्त्यातून खुर्च्या ढकलत निघालो. लोक बघत होते.

"शेवटी गेल्याच होत्या ना बाहेर?" स्टोअरकीपर पुटपुटले.

"पळून नाही गेल्या. पाहुण्यांना पोचवायला गेल्या होत्या," कलेक्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी दोघांना बोलावलं. स्टोअरकीपरनी पुन्हा कुलपाचा विषय काढला. ती म्हणाली, "सर, खुर्च्या थांब्यापर्यंत जाणार हे धरूनच चालू. दुपारी आणि संध्याकाळी कोणीतरी जाऊन आणायच्या. कोणी नसेल त्या दिवशी मी जाईन."

"आणि एखादी खरंच गेली तर?"

"तर मला काढा. पण खुर्च्या आत घेऊ नका."

अधीक्षकांनी कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी विचारलं, "थांब्यावर रोज जायचं कोणी?"

"मीच जातो," स्टोअरकीपर घाईघाईने म्हणाले. "दुसऱ्याने आणल्या तर चाकं कोण तपासणार?"

प्रोबेशन संपायला अजून अवकाश आहे. सध्या कलेक्टर रक्ततपासणीच्या खिडकीपुढे बाकं मांडण्यावरून भांडते आहे. तिची जीभ आवर, असं मी आता देवाला सांगत नाही.