सेठाणीची अठाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नशिराबादला माझ्या आईला नाही. स्थानकात, म्हणजे आम्हा जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, साध्वी महासतीजींपुढं बसून वर्षभराचे दोष सांगितले — रागावले, खोटं बोलले, चुगली केली — तेव्हाही एवढी एकच गोष्ट गिळून टाकली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण मला भीती वाटतेय. सकाळपासून पोळ्या लाटल्या तर एक धड गोल झाली नाही.

कुठून सुरू करू? मांजरीपासून करते.

आमच्या पिंप्राळ्याच्या घरात एक मांजर होती. माझ्या सासूबाईंची — त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. मांजरीचं नाव सेठाणी. नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं होतं आणि ते तिला शोभायचं. दुकानाच्या गादीवर बसावं तशी ती बाईंच्या मांडीवर बसायची. आमच्या घरात मासमच्छी नाही, मग ती खाणार काय? दुधावरची साय. तुपाचा खाकरा. बाई जेवायला बसल्या की पहिला घास सेठाणीचा. फुगत फुगत ती इतकी फुगली की पायरी चढताना मध्येच बसून दम खायची.

बाईंनीच एकदा तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी सांगितलं — साय बंद, खाणं मोजून द्या, वजन हळूहळू उतरू द्या. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घाई करू नका बरं का ताई. उपाशी तर अजिबात ठेवू नका. जाड मांजर चार दिवस उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर बसतं."

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पुढं जे सांगणार आहे ते ऐकताना हे विसरू नका.

काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाईंच्यानं ते होणार नव्हतं. सेठाणी म्याव म्हणाली की बाईंचा हात सायीकडं गेलाच. मी मोजून द्यायची आणि बाई मागून चोरून द्यायच्या. महिना गेला, मांजर तशीच. त्यात धुळ्याहून नणंदेचा फोन. हसत हसत म्हणाली, "वहिनी, तुझ्यानं भोपळा नाही बारीक व्हायचा." माझं तोंड मुळात मोठं. मी म्हटलं, "बाईंच्या पारण्याला येशील ना? तेव्हा बघ."

बोलून गेले. आणि पर्युषण तर दारात आलं होतं.

बाई दरवर्षी अठाई करायच्या. आठ दिवस अन्नाचा कण नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. मी लहानपणापासून असले उपास बघत आलेय. आठव्या दिवशी माणूस कसा हलका होतो, चेहऱ्यावर कसं तेज येतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मग माझ्या डोक्यात आलं — सत्तरीची बाई आठ दिवस पाण्यावर राहते, आणि ही चरबीची गोणी राहू शकत नाही? डॉक्टरला काय कळतं उपासातलं?

खरं सांगू? एवढंच नव्हतं. मला तिचा राग यायचा. या घरात मी आले तेव्हापासून बाईंनी माझ्या पाठीवरून कधी हात फिरवला नव्हता. मांजरीच्या पाठीवरून दिवसभर फिरायचा.

बाईंनी पचखाण घेतलं, म्हणजे उपासाचा नेम धरला, त्याच सकाळी मी सेठाणीला गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. वर पत्रा. पापड-कुरडयांचे डबे आणि एक जुनं गाठोडं, बाकी काही नाही. बाईंना सांगितलं, घरात दर्शनाला माणसं येतायत, वरती शांत आहे, मी बघते. त्या हो म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी पाणी ठेवत होते. फक्त पाणी. बाईंसारखंच उकळून गार केलेलं — बघा, किती धर्माची मी.

आधी ती ओरडली. मग दार ओरबाडू लागली. खाली स्थानकात जायची गडबड, घरात गाणी म्हणायला आलेल्या बाया, कुणाला ऐकू येणार? मला यायचं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहायचे आणि परत फिरायचे. मग एका दुपारी आवाजच बंद झाला. आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. म्हटलं, सवय झाली तिला.

पाचव्या दिवशी मी दूध-पोळी घेऊन वर गेले. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. साय आणली. तोंड फिरवलं. तूप बोटाला लावून तिच्या ओठाला लावलं, तर ते चाटलंही नाही. सेठाणी — आणि तूप चाटत नाही.  दुसऱ्या दिवशी उजेडात तिचा कान उलटा करून पाहिला. आतून पिवळा होता, हळद लागावी तसा.

मी तिला उचलून खाली आणलं, नवऱ्याला हाक मारायला. बाई त्यांच्या खोलीत आडव्या होत्या, दार उघडं. त्यांनी ती मान टाकलेली मांजर पाहिली. कोपरावर उठल्या आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "हिनं काय खाल्लं नाही का?"

तेव्हा सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, "नाही बाई. तुम्ही पचखाण घेतलंत त्या दिवसापासून तिनं तोंडच लावलं नाही. मी रोज ठेवतेय."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हात जोडले. मांजरीला हात जोडले हो त्यांनी.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? नवरा शेजारी उभा. मी म्हटलं, परवा; पुढं अठाईची गोष्ट झाली तेव्हा त्यानं हा हिशोब लावला नाही. डॉक्टर परवाच्या हिशोबानं वागले, भूक लागायचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. एक अख्खा दिवस त्यात वाया गेला. दुसऱ्या दिवशी तिला मान धरवेना, तेव्हा नळी घातली. मग कित्येक आठवडे मी त्या नळीतून पातळ खाणं भरवलं. सगळे म्हणाले, सून काय सेवा करते.

ती वाचली. बारीकही झाली. पारण्याला नणंद आली, शब्द मागे घेते म्हणाली. नळीतलं खाणं बाईंनी धरलंच नव्हतं; त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं की माझ्या सेठाणीनं माझ्यासोबत अठाई केली. बायका बघायला आल्या. शेजारच्या अक्का शिंदखेड्याच्या, त्या तिच्यापुढं वाकून म्हणाल्या, "मानूसले जमत नही, ते मांजरनी करी दखाडं." मी त्यांना चहा दिला.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. संवत्सरीचं प्रतिक्रमण, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी दोष कबूल करायचा पाठ. सगळ्या बाया तोंडाला मुहपत्ती बांधून बसलेल्या. वर्षभराच्या दोषांत एक जागा येते — कुणा जिवाला बांधून ठेवलं असेल, कुणाचं अन्नपाणी तोडलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं, माझं ते पाप फोल होवो. लहानपणापासून म्हणतेय. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, यात काय म्हटलंय ते. मी म्हटलं, सगळ्यांसोबत, सगळ्यांएवढ्याच आवाजात. कुणाला कळलं नाही.

सेठाणी मागच्या हिवाळ्यात गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तेवढंच कारण होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

इथं संपलं असतं तर मी हे कधीच बोलले नसते. मला माहीत आहे मी कशी आहे.

पण बाईंना आता साखर आहे. रोज सुई घ्यावी लागते. दोनदा न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलंय, एक वेळचं जेवणही चुकवायचं नाही. आणि उद्यापासून पर्युषण. बाई म्हणतात, अठाई करणार. नवऱ्यानं पाया पडून पाहिलं. नणंद धुळ्याहून फोनवर रडली. महासतीजीही म्हणाल्या, शरीर साथ देत नसेल तर नको. बाईंचं सगळ्यांना एकच उत्तर — "मुक्या जिवानं केली. मला तर नवकार मंत्र येतो. मला जमणार नाही?"

सगळे बाईंशी भांडतायत. त्यांना ठाऊक नाही, ते माझ्या खोट्याशी भांडतायत. ते खोटं आहे हे घरात एकटीला माहीत आहे, आणि ती एकटी पोळ्या लाटत बसलीय.

काय होईल सांगितल्यावर? बाई मला घरात ठेवतील का? नवरा माझ्याकडं बघेल का? का सांगूनही बाई ऐकणार नाहीत — तेव्हा काय? मला एवढी भीती कधी वाटली नाही. गच्चीवरच्या त्या बंद दाराआड तिला वाटली असेल.

बाई उठल्या. काठीचा आवाज येतोय. सकाळी पचखाण घ्यायला स्थानकात जाणार, म्हणून त्यांनी पांढरं लुगडं आत्ताच काढून ठेवायला सांगितलंय. ते घेऊन मी त्यांच्या खोलीत जातेय. मिच्छामि दुक्कडं म्हणणार नाही, तो शब्द मी एकदा वापरून बसलेय. म्हणायचंय ते एवढंच आहे — बाई, सेठाणीनं उपास केला नव्हता. मी तिला उपाशी ठेवलं होतं.