वायर काढून गॅलरीत

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचे शब्द गेले. हात-पाय हळूहळू सुधारले, पण बोलायला गेले की घशातून नुसता आवाज यायचा. त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "शब्द कधी येईल ते सांगता येत नाही. येईल तेव्हा कुणीतरी जवळ असू द्या."

मी ठाण्याच्या ऑफिसचं काम डोंबिवलीच्या घरातून करायचे. राउटर हॉलमध्ये, त्याच्याशेजारी माझं टेबल, लॅपटॉपला वायर जोडलेली. बाबा दुपारभर गॅलरीत खुर्चीवर बसत. तिथून बिल्डिंगांच्या फटीतून मलंगगड दिसतो. कधी निळसर, कधी उन्हात असून नसल्यासारखा. बाबा तिकडे बघत राहायचे. मीटिंगमधून मान वर करून मी त्यांना बघायचे आणि वाटायचं, हे घर, कानातले आवाज, तो डोंगर, सगळं एकाच पातळ झोपेत तरंगतंय.

एका दुपारी गॅलरीतून हाक आली. "अ... अगं..."

वायर उपटून मी लॅपटॉपसकट धावले. मीटिंग तुटली. वायफाय सुरूच होईना. बाबांच्या शेजारी उभी राहून मी कीबोर्डवर एकामागून एक कमांड देत राहिले. शेवटी जोडलं गेलं तेव्हा बाबांचा डोळा लागला होता. त्यांना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

शनिवारी मी लॅपटॉप उघडून बसले. त्याच्या लिनक्स प्रणालीवर मी पूर्वी एक छोटी, आपोआप चालणारी स्क्रिप्ट टाकलेली: वायर लागली की वायफाय बंद. वायर निघाल्यावर ते परत सुरू करायचं, हे तिच्यात नव्हतंच. मी ती काढूनच टाकली. मग दोन्ही जोडण्या एकदम चालू राहू लागल्या. वायर असली की लॅपटॉपचं नेट तिच्यावरून चालायचं, काढली की आपणहून वायफायवर. खरंच जमतंय का ते बघायला मी वायर काढून लॅपटॉप हातावर घेऊन घरभर हिंडले. स्वयंपाकघरात, देवापाशी, परत हॉलमध्ये. बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. बहुतेक हसले.

पुढच्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये ऑफिसच्या मॅडमना काही समजावत होते, तेवढ्यात गॅलरीतून पुन्हा आवाज आला. वायर काढली आणि लॅपटॉप घेऊन बोलत बोलतच उठले. मॅडमचा आवाज क्षणभर अडखळला, मग पुन्हा आला. मी बाबांच्या पायाशी फरशीवर बसले. ऊन कलतं होतं, डोंगर जांभळा दिसत होता. बाबांनी बोट उचललं. ओठ बराच वेळ शब्दाला चाचपडत राहिले.

"म... मलंग," ते म्हणाले. मग स्पष्ट, "मलंगगड."

माझा माइक चालूच होता.

"कोण बोललं गं?" मॅडमनी विचारलं.

"माझे बाबा," मी म्हटलं. त्यांच्या आजाराचं मॅडमना माहीत होतं.

"अगं, मग बोलू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "आपलं होईल उद्या."

मी लॅपटॉप मिटला. बाबा तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, चव घेतल्यासारखा, आणि मी दर वेळी "हो" म्हणत होते. समोर डोंगर हळूहळू विरत गेला.