दुरुस्त पानांवर माझा ‘हो’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेतल्या दोस्तांना नाही, खंडाळ्याला घरी नाही. पत्रकात तर नाहीच — आणि पत्रकं मी ढिगानं लिहिलीत. दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडताना माझं पेन कधी अडलं नाही. मग इथंच का अडतंय?

आधी राग काढू दे. तुला माहीत असेल, कॉम्प्युटरवर आपण टाइप करत असतो आणि मध्येच दुसराच कुठला तरी प्रोग्रॅम आपली विंडो पुढं घुसवतो. त्या क्षणी कीबोर्ड तिचा होतो! बोटं आपली, अक्षरं तिच्या घशात. हे ठरवलं कुणी? सभेत कुणी बोलणाऱ्याच्या हातचा माईक हिसकावला तर आम्ही मंडप डोक्यावर घेतो. इथं मात्र मागून आला तोच मालक, आणि काम करणाऱ्याला कुणी विचारायचंच नाही. ही कसली रीत?

राग खरा आहे. पण हे मी जितक्या मोठ्यानं बोलतो, तितकं दुसरं काहीतरी झाकलं जातं.

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका डीटीपी सेंटरवर आमची पत्रकं व्हायची. तिथं सुनंदा ऑपरेटर होती. तासगावाहून रोज एसटीनं यायची. त्यांच्या बौद्धवस्तीतली कॉम्प्युटरवर बसणारी पहिली मुलगी. तेव्हा तिच्याकडं हळद व्यापाऱ्यांची स्मरणिका होती. पानन् पान तिनं दुरुस्त केलं होतं. त्या दुपारी जाहिरातींचे फोटो घ्यायला ती एक जुनी फ्लॉपी अख्खीच कॉपी करत होती. त्याच फ्लॉपीवर दुरुस्तीआधीची पानंही होती — त्याच नावांची.

“फोटो झालं की मशीन इचारंल, जुनी पानं नव्यावर टाकू का म्हणून,” डबा घेऊन उठताना ती म्हणाली. “मी आले की न्हाई म्हणते त्याला. तवर कशाला हात लावू नका, पुढारी!”

‘पुढारी’ ही तिची टिंगल. मी हसलो. ती मागच्या खोलीत गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो. मोर्चाचं पत्रक तातडीचं होतं ना! आमचं सगळंच तातडीचं असतं.

टायपिंगच्या क्लासात मास्तर आमच्या हातांवर फडकं टाकायचे. डोळे कागदावर, मान वर करायची नाही. तसाच मी बडवत सुटलो. परिच्छेद संपला, एन्टर. मथळा संपला, एन्टर. मान वर केली तेव्हा पडद्याच्या मधोमध एक प्रश्न होता आणि माझं बोट एन्टरवर पडलेलं होतं. प्रश्न गेला. मागं माझं पत्रक दिसलं — ओळी एकमेकींना चिकटलेल्या, शब्द मधूनच गायब. म्हणजे आधीचे एन्टरही तिकडंच गेले होते. आणि त्या प्रश्नापुढं एन्टर म्हणजे ‘हो’.

मला कळलं. कळलं नाही असं म्हणणार नाही. मी माझं पत्रक सेव्ह न करता बंद केलं आणि बाकावर पेपर उघडून बसलो.

सुनंदा हात पुसत आली. “आगं बया, झालं बी? काय इचारलं बी न्हाई!” खूश झाली. मी पेपराचं पान उलटलं.

स्मरणिका छापून आली ती जुन्या चुकांसकट. वारलेल्या माणसांची नावं शुभेच्छुकांत! मालकानं सुनंदाला काढून टाकलं. आणि मी काय केलं? सेंटरच्या दारात घोषणा द्यायला उभा राहिलो. ‘यंत्राची चूक, कामगाराला शिक्षा!’ — ओळ माझी. टाळ्याही पडल्या. मालकाला भेकड म्हणताना माझा आवाज कापला? छे. उलट चढला.

घोषणा थांबल्यावर सुनंदानं मला बाजूला घेतलं. चूक कबूल कर आणि ये परत, असं मालक तिला म्हणत होता. ती कबूल करत नव्हती, कारण तिनं ती केलीच नव्हती.

“खरं सांगा, त्या दुपारी माझ्या जागंवर कोण बसलं व्हतं का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “कोणच न्हाई.”

तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली.

“मग माझ्याच हातनं झालं आसंल,” ती म्हणाली. “मी आपली उगंच भांडत बसले त्यांच्याशी.”

पदर सावरून ती पायऱ्या चढली, मालकाची माफी मागायला. मी तिला जाऊ दिलं.